स्टेअरिंगचा शून्य अंश

मंठ्याकडून आलेला रस्ता देवगाव फाट्यावर फुटतो. एक वाट जिंतूरला जाते. दुसरी सेलू, पाथरी, सोनपेठ करत परळी-अंबाजोगाईकडे निघते; राष्ट्रीय महामार्ग ५४८ ब तो हाच. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या या फाट्याच्या चहूबाजूंनी काळी माती पसरली आहे. कापूस, तूर, सोयाबीन भरभरून देणारी ही माती रस्त्याला मात्र सुखाने नांदू देत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर अंथरलेले डांबर दरवर्षी तिच्याबरोबर वरखाली होते. कडा खचतात, मध्ये लाटा उठतात, पहिल्या दोन-चार पावसांत खड्डे उघडे पडतात.

अशा रस्त्यावर चाक जोरात खड्ड्यात आदळले की पुढचे सगळे ठरलेले असते. गाडी एका बाजूला ओढू लागते, टायरची एक कड झिजते आणि मालक सेलू, जिंतूर किंवा परभणीला जाऊन व्हील अलाइनमेंट करून घेतो. मशीनच्या पडद्यावर लाल आकडे हिरवे होतात, बिल दिले जाते, गाडी बाहेर पडते. परतीच्या वाटेवर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो: छोटी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेषा. काम करून घेतले चाकांचे आणि दिवा लागला गाडी घसरण्याचा. तेव्हा दुकानात काहीतरी बिघडवून दिले, असा संशय मालकाला आल्याशिवाय राहत नाही. पुष्कळदा तिथे काही बिघडलेले नसते, एक काम राहून गेलेले असते. चाकांचे कोन बदलले, पण आता ‘सरळ’ कशाला म्हणायचे हे गाडीच्या संगणकाला कोणी सांगितलेले नसते.

हे राहून गेलेले काम म्हणजे स्टेअरिंग अँगल सेन्सरचे कॅलिब्रेशन. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘सेन्सर रीसेट’ म्हणतात. ते करायला पाच-दहा मिनिटे लागतात. न केल्यास काय होते, हे समजायचे तर आधी हा सेन्सर नेमके काय मोजतो आणि काय मोजू शकत नाही, ते पाहायला हवे.

बहुतेक गाड्यांत तो स्टेअरिंग व्हीलच्या मागे, इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्या जिथे बसतात तिथेच, स्टेअरिंगच्या मधल्या दांड्याभोवती बसवलेला असतो. काही गाड्यांत तो आणखी खाली, इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगच्या मोटारीपाशी असतो. चालकाने स्टेअरिंग कोणत्या बाजूला, किती अंश आणि किती झपाट्याने फिरवले, एवढीच बातमी तो देतो. बॉश कंपनीचा सर्रास वापरला जाणारा सेन्सर मध्यापासून दोन्ही बाजूंना ७८० अंशांपर्यंत, म्हणजे दोन फेऱ्यांहून जास्त मोजतो. अंशाचा दहावा भागही त्याला कळतो आणि दर १० मिलिसेकंदांनी तो गाडीच्या अंतर्गत वाहिनीवर नवा आकडा सोडतो. सेकंदाला शंभर आकडे झाले.

यातली खरी अडचण फेऱ्यांची आहे. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन फेऱ्या घेते. म्हणजे व्हील नजरेला सरळ दिसत असले तरी ते मधल्या फेरीत सरळ आहे की एक पूर्ण फेरी फिरून सरळ आहे, हे नुसत्या कोनावरून ओळखता येत नाही. रात्री गाडी चाके वळवून उभी केली आणि सकाळी किल्ली फिरवली, तरी सेन्सरला पहिल्या क्षणी हे कळले पाहिजे. १९९० च्या दशकातल्या पहिल्या पिढीत बॉशने त्यासाठी चुंबकीय क्षेत्र ओळखणारे १४ हॉल स्विच एका सेन्सरमध्ये बसवले होते. पुढच्या पिढ्यांत फार सुंदर युक्ती आली. स्टेअरिंगच्या दांड्यावर एक मोठे दातेरी चक्र बसवायचे आणि त्याला दोन छोटी चक्रे जोडायची, पण त्या दोघांच्या दातांत एकाचा फरक ठेवायचा. प्रत्येक छोट्या चक्रात एक चुंबक असतो आणि त्याच्यासमोरची चिप चुंबकाची दिशा वाचते.

उदाहरणादाखल मोठ्या चक्राला ६० दात, छोट्यांपैकी एकाला २६ आणि दुसऱ्याला २७ दात धरू. स्टेअरिंगची एक फेरी झाली की पहिले छोटे चक्र सुमारे २.३१ फेऱ्या घेते, दुसरे सुमारे २.२२. दोघांच्या कोनांत दर फेरीला जवळपास ३१ अंशांचे अंतर पडत जाते. निम्न दुधनाच्या कालव्यावर एका शेतकऱ्याची पाण्याची पाळी दर आठ दिवसांनी आणि शेजाऱ्याची दर नऊ दिवसांनी येत असती, तर दोघांच्या पाळ्यांत किती दिवसांचे अंतर पडले हे पाहून कितवी पाळी चालू आहे ते सांगता आले असते. सेन्सर हाच हिशेब करतो. दोन चक्रांमधल्या अंतरावरून फेरी कळते आणि एकेका चक्राच्या कोनावरून त्या फेरीतली नेमकी जागा. वीज तुटली, बॅटरी काढली, तरी दात जागचे हलत नाहीत. म्हणून अशा सेन्सरला चालू होताक्षणी स्वतःची जागा कळते. भोके पाडलेली चकती आणि प्रकाश वापरणाऱ्या काही जुन्या सेन्सरांना हे साधत नाही. त्या गाड्यांत बॅटरी बदलल्यावर स्टेअरिंग एकदा डाव्या टोकाला, एकदा उजव्या टोकाला पूर्ण फिरवले की दिवा विझतो. बॅटरीवाल्यांना हा उपाय ठाऊक असतो. त्यामुळे स्टेअरिंगचा कोणताही दिवा असाच जातो, असा समज मात्र फाट्याफाट्यावर पसरला आहे आणि तो चुकीचा आहे.

कारण इतका बारकाईने मोजणारा सेन्सरही मोजतो तो दांडा. चाके नव्हेत. दांड्याच्या खाली रॅक असतो, रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड आणि टाय रॉडच्या पुढे चाके. अलाइनमेंट करणारा कारागीर नेमक्या याच टाय रॉडची लांबी आटे फिरवून कमी-जास्त करतो. ती बदलली की चाके सरळ असताना दांडा कोणत्या कोनात असतो, तेही बदलू शकते. काल चाके सरळ असताना सेन्सर शून्य दाखवत होता. आज चाके तितकीच सरळ असताना तो पाच अंश दाखवतो. त्याच्या बाजूने तो खरेच सांगत असतो.

पाच अंश म्हणजे फार नाही, असे वाटेल. हिशेब करून पाहू. साध्या गाडीत स्टेअरिंग १५ अंश फिरवले तर पुढची चाके साधारण एक अंश वळतात. म्हणजे स्टेअरिंगचे पाच अंश म्हणजे चाकाचा एक तृतीयांश अंश. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.६ मीटर धरले, तर एवढ्या कोनाने गाडी सुमारे ४५० मीटर त्रिज्येच्या वळणावर जाईल. ताशी ८० किलोमीटर वेगाला याचा अर्थ होतो, सेकंदाला जवळपास तीन अंश दिशा बदलणे. टायर थोडे दबतात, वाकतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून कमी येतो. तरीही तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. गाडी फाट्यावरून सेलूकडे नाकासमोर चालली आहे, चालकाचे हात स्थिर आहेत आणि संगणकाला मात्र सतत कळते आहे की चालकाला वळायचे आहे आणि गाडी वळत नाही.

गाडी वळायला हवी आणि वळत नाही, याचा संगणकाच्या लेखी एकच अर्थ होतो: गाडी घसरते आहे.

हा अर्थ लावणारी यंत्रणा म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, ईएससी; काही कंपन्या तिला ईएसपी म्हणतात. तिची मूळ कल्पना पुढे नेणाऱ्या चमूचे नेतृत्व बॉशमधले डच अभियंते अँटन व्हॅन झँटन यांनी केले. १९९५ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लास गाडीत ती पहिल्यांदा विक्रीला आली. व्हॅन झँटन यांना २०१६ मध्ये युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्डमध्ये जीवनगौरव मिळाला. ईएससीच्या आधी एबीएस होते. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणे, एवढे ते करी. गाडी बाजूला सरकली, मागून फिरली, तर ते काही करू शकत नसे. ईएससीने पहिल्यांदा दोन प्रश्न शेजारी ठेवले: चालकाला कुठे जायचे आहे, आणि गाडी कुठे चालली आहे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारे सेन्सर बरेच आहेत. चारही चाकांचा वेग मोजणारे, गाडी स्वतःभोवती किती झपाट्याने वळते ते मोजणारा, बाजूला लागणारा जोर मोजणारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकट्या स्टेअरिंग अँगल सेन्सरकडून येते. चालकाच्या मनातली दिशा कळण्याची संगणकाकडे ती एकच खिडकी आहे. बॉशच्या यंत्रणेत ही दोन उत्तरे सेकंदाला २५ वेळा ताडून पाहिली जातात. फरक फार झाला की संगणक चालकाला न विचारता एकाच चाकाला ब्रेक लावतो आणि इंजिनाचा जोर कमी करतो. गाडीचे तोंड वळणाबाहेर जात असेल तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो. मागची बाजू बाहेर फेकली जात असेल तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. माणसाला चार पायांनी चार चाके वेगवेगळी दाबता आली असती तरी इतक्या वेळात ते जमले नसते.

या यंत्रणेचे मोल जगाला पटले ते एका फजितीतून. २१ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स वार्ल्ड’ या मासिकाने मर्सिडीझची नवी छोटी ए-क्लास गाडी एका चाचणीत चालवली. रस्त्यात अचानक मूस हे तिकडचे मोठे हरीण आडवे आले तर चालक झटकन एका बाजूला आणि लगेच परत जसे स्टेअरिंग फिरवतो, तसे ते फिरवायचे होते. गाडी उलटली. मर्सिडीझने विक्री थांबवली, गाडीत फेरफार केले आणि ईएसपी प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवले. महागड्या गाडीतली सोय छोट्या गाडीत उतरली ती इथे. देवगाव फाट्याच्या पट्ट्यात मूस नसतात. पण संध्याकाळी रानातून परतणारी गुरे, रात्री आडवी धावणारी रोही आणि दिव्याविना चालणारी उसाची ट्रॉली यांच्यासाठी चालकाला नेमके तेच करावे लागते.

अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप हा सुरक्षा-मानांकनाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याची सूत्रे पुण्याच्या केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेकडे आहेत. या मानांकनात तीन किंवा त्याहून अधिक तारे हवे असतील तर गाडीत ईएससी असावेच लागते. पहिले निकाल डिसेंबर २०२३ मध्ये आले, ते टाटांच्या हॅरिअर आणि सफारीचे, दोन्हींना पाच तारे. खरेदीदार आता तारे विचारू लागला आहे, त्यामुळे शहरात महागड्या गाड्यांपुरती असलेली ही यंत्रणा आज दहा-बारा लाखांच्या गाडीतून जिंतूर-सेलूच्या रस्त्यावर धावते आहे. गाड्या पुढे गेल्या आणि त्यांच्यावर काम करणारी दुकाने मागे राहिली, अशी आजची स्थिती आहे. यात कारागिराचा दोष थोडा आहे. त्याला हे कोणी शिकवलेलेच नाही.

आता पाच अंशांच्या चुकीकडे परत. ती झाली तर गाडी काय करते, हे चूक किती मोठी आहे यावर ठरते. चूक अगदी लहान असेल, तर बऱ्याच आधुनिक गाड्या ती आपली आपण भरून काढतात. गाडी बराच वेळ सरळ चालली आहे, डाव्या-उजव्या चाकांचा वेग सारखा आहे, वळण्याचा वेग शून्य आहे आणि तरी स्टेअरिंगचा आकडा एक-दीड अंश येतो, असे दिसले की संगणक तेवढी दुरुस्ती मनाशी धरून चालतो. चूक मोठी असेल, तर तो सेन्सरवरचा विश्वासच काढून घेतो, ईएससी बंद करतो आणि दिवा लावतो. साधे ब्रेक अशा वेळी चालतात, बऱ्याच गाड्यांत एबीएसही चालते. पण घसरताना सावरणारा हात गेलेला असतो. सगळ्यात वाईट अवस्था या दोन्हींच्या मधली. दिवा लागत नाही आणि चूकही पूर्ण भरून निघत नाही. मग डाव्या वळणावर गरज नसताना ब्रेक लागल्यासारखे होते, इंजिन दम टाकते, आणि उजव्या वळणावर गरज असताना मदत उशिरा येते. चालक म्हणतो, गाडी एका बाजूला बिचकते. मेकॅनिक पेट्रोलचा पंप बदलतो, ब्रेकचे पॅड बदलतो, आणि दुखणे तिथेच राहते.

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट होते. वळण संपल्यावर स्टेअरिंग हलकेच मध्याकडे आणून सोडायचे काम तिथली मोटार करते. तिला मध्य चुकीचा ठाऊक असेल तर ती स्टेअरिंग चुकीच्या जागी आणून सोडते. अलाइनमेंट नुकतेच झाले, पडद्यावर सगळे हिरवे होते, तरी गाडी किंचित एका बाजूला ओढतेच आहे, असे झाले की लोक दुसऱ्या दुकानात पुन्हा अलाइनमेंट करायला जातात. तिथे टाय रॉड पुन्हा फिरवले जातात आणि गुंता वाढतो.

गुंता वाढवणारी याहून मोठी सवय म्हणजे स्टेअरिंग व्हील काढून तिरके बसवणे. अलाइनमेंट झाल्यावर चाके सरळ आणि व्हील मात्र थोडे वाकडे दिसले, तर दोन्ही टाय रॉड सारख्या प्रमाणात, एक आत आणि एक बाहेर फिरवून ते सरळ करायचे असते. त्याला वेळ लागतो. म्हणून काही ठिकाणी मधला नट सोडून व्हील एक खाच सरकवून बसवतात. दांड्यावर ३६ खाचा असतील तर एक खाच म्हणजे १० अंश. व्हील दिसायला सरळ होते, पण रॅक मध्यावरून सरकलेला तसाच राहतो. एका बाजूला गाडी जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी. एअरबॅग असलेल्या गाडीत हा प्रकार धोक्याचाही आहे. व्हीलच्या मागे क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते. एअरबॅगला वीज तिच्यातून मिळते. मध्य चुकला की ती एका टोकाला ताणली जाऊन तुटू शकते, आणि अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडेल याची खात्री उरत नाही.

काम नीट करायचे असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी चारही टायरांत कंपनीने सांगितलेली हवा. मग बॉलजॉइंट, टाय रॉडची टोके, बुश यांत ढिलेपणा नाही ना ते तपासणे. ढिल्या जोडांवर केलेले अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंत टिकते. मग मागच्या चाकांचा कोन पाहणे. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत मागची दोन्ही चाके एकाच आडव्या बीमवर असतात आणि त्यांचा कोन बदलता येत नाही. तो बीम धक्क्याने किंचित तिरका झाला असेल, तर गाडी सरळ जाताना पुढची चाके मागच्यांच्या रोखाशी जुळवून घ्यावी लागतात. नुसती पुढची दोन चाके पाहणाऱ्या जुन्या मशीनला हे दिसत नाही. चारही चाके पाहणाऱ्याला दिसते. हे सगळे झाल्यावर गाडी सपाट जागेवर, चाके सरळ, व्हील कुलपाने किंवा क्लॅम्पने सरळ धरलेले, इंजिन चालू ठेवून टाय रॉड घट्ट करायचे. आणि शेवटी स्कॅनर लावून संगणकाला सांगायचे: हे शून्य.

सपाट जागेचा आग्रह उगाच नाही. डांबरी रस्त्याला पाणी वाहून जावे म्हणून मध्यापासून कडेपर्यंत २ ते २.५ टक्के उतार दिलेला असतो. डाव्या बाजूने चालणारी गाडी त्या उताराने डावीकडे ओढली जाते आणि चालक नकळत स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरून ती सरळ ठेवतो. अशा रस्त्यावर ‘आता सरळ आहे’ म्हणून शून्य नोंदवले, तर रस्त्याचा उतार गाडीच्या स्मरणात कायमचा जातो. काळ्या मातीवरच्या खचलेल्या कडेला हा उतार मुळातल्यापेक्षा जास्त झालेला असतो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

स्कॅनरची रीत गाडीगणिक बदलते. मराठवाड्याला सगळ्यात जवळचे उदाहरण स्कोडाचे. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ मध्ये ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. पुढे लॉरा, सुपर्ब आल्या, आणि त्यांतल्या कितीतरी गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे याच भागात धावतात. स्कोडा ज्यात येते त्या फोक्सवॅगन समूहाच्या भाषेत या सेन्सरचे नाव जी८५ आणि त्याच्या तक्रारीचा कोड ००७७८. लॉराच्या पिढीतल्या अनेक गाड्यांत आधी थोडे अंतर सरळ चालवून, थांबून, एबीएसच्या विभागात ४०१६८ हा आकडा टाकावा लागतो. मग बेसिक सेटिंगचा ६० क्रमांकाचा गट उघडला की शून्य नोंदले जाते. टोयोटाच्या बऱ्याच गाड्या स्टेअरिंगचे शून्य चालता चालता स्वतः शिकतात. तिथे हाताने करावे लागते ते गाडी वळण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचे शून्य, आणि त्या वेळी गाडी अजिबात हलू द्यायची नसते, दारसुद्धा आपटायचे नसते. इतर कंपन्यांच्या नव्या गाड्यांत पडद्यावर आलेल्या सूचना पाळल्या की काम होते. ते झाल्यावर जुना कोड पुसायचा, थोडे अंतर गाडी चालवायची आणि चालू आकडा पाहायचा. गाडी सरळ जाताना तो शून्याच्या आसपास राहिला पाहिजे.

इथे एका गैरसमजाचा खुलासा हवा. मोबाइलला जोडता येणारे स्वस्त ओबीडी डोंगल आता सगळीकडे मिळते आणि अनेक तरुण मेकॅनिकांच्या खिशात असते. ते इंजिनाचे कोड वाचते. एबीएस किंवा स्टेअरिंगच्या संगणकापर्यंत बहुतेक वेळा पोचत नाही, आणि शून्य नोंदवणे त्याच्या आवाक्यात नसते. म्हणून ‘स्कॅन केले, काही निघाले नाही’ हे उत्तर ऐकले की कोणत्या विभागाचे स्कॅन केले, हे विचारले पाहिजे. अनेक कंपन्यांच्या गाड्यांवर चालणारे चांगले स्कॅनर महाग असतात हे खरे. तरीही अलाइनमेंटचे मशीन घेणाऱ्या दुकानाने ते घेऊ नये, हे पटत नाही. दोन्ही मिळून एकच काम पुरे होते.

गरज फक्त अलाइनमेंटनंतरच पडते असेही नाही. स्टेअरिंगचा रॅक किंवा दांडा बदलला, एअरबॅग उघडल्यावर व्हील आणि क्लॉक स्प्रिंग नवे बसवले, इंडिकेटरचा संच बदलला, एबीएसचा संगणक बदलला, अपघातानंतर पुढचा सांगाडा ओढून सरळ केला, तरी शून्य पुन्हा ठरवावे लागते. जुनी गाडी घेणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे. इग्निशन चालू केल्यावर घसरण्याचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर कोणीतरी दिवाच बंद करून ठेवलेला असण्याची शक्यता आहे.

पुढची पायरी तर आताच दारात आली आहे. चाकणला तयार झालेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० ने २०२१ मध्ये रस्त्याच्या पट्ट्यात गाडी आपली आपण ठेवणारी यंत्रणा आणली, आणि त्यानंतर अनेक गाड्यांत ती आली. ही यंत्रणा कॅमेऱ्याने रस्ता पाहते, पण स्टेअरिंग किती फिरवायचे याचा हिशेब करताना आधार घेते तो याच सेन्सरचा. फाट्यावरून मंठामार्गे जालना गाठले की समृद्धी महामार्ग लागतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि मोकळ्या भागात मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. खेड्यातल्या रस्त्यावर ताशी ४० ला न जाणवणारी चूक तिथे तिप्पट वेगाला जाणवते, आणि तिथे चूक सावरायला मिळणारा वेळही तितकाच कमी असतो.

तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलांना टाय रॉड फिरवायला शिकवताना स्कॅनरवर शून्य नोंदवायलाही त्याच दिवशी शिकवले जावे. आणि गाडीमालकांनी अलाइनमेंटचे पैसे देण्याआधी कारागिराला एवढेच विचारावे: स्टेअरिंग सेन्सर रीसेट केला का? केला असेल तर बिलावर तसे लिहून घ्यावे. तिथे स्कॅनर नसेल तर त्याच आठवड्यात, लांबच्या प्रवासाला निघण्याआधी, परभणी किंवा जालन्याला जाऊन ते काम उरकून घ्यावे.